काळे ऑइल जळणारच असेल, तर आधी बॅरलवर तपासा
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : वापरलेले ऑइल इंधन म्हणून जाळण्यावरील नियंत्रण धुराड्याऐवजी बॅरलपासून सुरू करण्याबाबत

महोदय,

गॅरेज, एसटीचे व खासगी ट्रकचे डेपो, जनरेटर, सीएनसी मशीन, हायड्रॉलिक प्रेस, ट्रान्सफॉर्मर, थर्मिक फ्लुइड हीटर (पाण्याऐवजी तेल तापवून उष्णता पोचवणारे) या सगळ्यांतून वापरलेले ऑइल निघते. त्यातले काही रीतसर पुनर्शुद्धीकरणाला जाते. बाकीचे एकाच बॅरलमध्ये ओतले जाते आणि पुढे ‘मिक्स ऑइल’ किंवा ‘एलडीओसारखे’ (लाइट डिझेल ऑइलसारखे) म्हणून लेडल प्रीहीटर, कोअर ओव्हन, ॲल्युमिनियमची भट्टी, छोटा बॉयलर, डांबराचा हॉट मिक्स प्लँट अशा ठिकाणी जळते. आम्ही हेच बर्नर आणि बॉयलर दुरुस्त करणारी माणसे आहोत. नोझल का तुंबले, ट्यूब का गळली, ज्योत का विझली याचा माग काढला की वाट बहुतेक वेळा त्या बॅरलपाशीच जाऊन थांबते.

आपली तपासणी मात्र दुसऱ्या टोकाला, धुराड्यावर होते. ती वर्षातून मोजक्या वेळा होते आणि त्या दिवशी टाकीत काय भरले आहे, त्यावर तिचा निकाल ठरतो. तपासणीच्या दिवशी चांगले फर्नेस ऑइल (एफओ, म्हणजे भट्टी-बॉयलरचे नेहमीचे इंधन तेल) भरले की अहवाल स्वच्छ. म्हणून आमचे सांगणे एकच आहे : इंधन जळण्याआधी, प्रत्येक लॉटवर, पाच साध्या चाचण्यांचा कागद असल्याशिवाय ते ऑइल कोणत्याही टाकीत उतरू नये.

कायद्यात याची निम्मी तयारी आहे. घातक व इतर कचरा नियम, २०१६ वापरलेल्या ऑइलचे आणि तेलकट कचऱ्याचे दोन वेगळे मार्ग मानतात. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर यांतून निघालेले ऑइल पाचव्या अनुसूचीच्या ‘अ’ भागातल्या मर्यादांत बसले, तर त्याचा मार्ग पुनर्शुद्धीकरणाचा. रिफायनरी, तेलसाठे आणि जहाजांतून येणारे सांडलेले तेल, टाकीच्या तळाचा गाळ, स्लॉप ऑइल हे ‘ब’ भागात बसले, तर त्यापासून उष्णता मिळवायला परवानगी. ‘ब’ भागातल्या मर्यादा अशा : गाळ ०.२५ टक्के, पाणी १ टक्का, गंधक ४.५ टक्के, शिसे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), आर्सेनिक ५ पीपीएम, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल मिळून ५०० पीपीएम, पीएएच (कर्करोगाचा धोका असलेली हायड्रोकार्बन) ६ टक्के, एकूण हॅलोजन (मुख्यतः क्लोरीन) ४,००० पीपीएम, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सापडणारे विषारी क्लोरीन-संयुग) २ पीपीएमपेक्षा कमी.

या यादीत दोन गोष्टी नाहीत : राख आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ ठिणगीने पेट घेते ते). भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याच दोन गोष्टी देतात.

आधी राख. फर्नेस ऑइलला भारतीय मानकाप्रमाणे ०.१ टक्क्यापर्यंत राख चालते. इंजिन ऑइल नवे असतानाच त्यात साधारण १ ते १.५ टक्का सल्फेटेड राख देणारी द्रव्ये असतात, कारण झीज रोखण्यासाठी जस्त-फॉस्फरसचे आणि इंजिन धुवून काढण्यासाठी कॅल्शियमचे संयुग त्यात मुद्दाम घातलेले असते. वापरात त्यात लोखंड, तांबे, बेअरिंगचे शिसे यांची भर पडते. तासाला ९० किलो इंधन घेणारा बॉयलर दिवसात २० तास चालला, तर १,८०० किलो इंधन जळते. फर्नेस ऑइलची राख जास्तीत जास्त १.८ किलो. एक टक्का राखेच्या ऑइलची १८ किलो, तीही दररोज. त्यातला बारीक भाग धुराड्यातून निघतो आणि श्वासातून फुप्फुसात जातो. उरलेला ट्यूबवर बसतो. तीन मिलिमीटर काजळीच्या थराने इंधनाचा खर्च सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतो, आणि धुराचे तापमान दर २२ अंशांनी चढले की एक टक्का कार्यक्षमता गेली, हे ऊर्जा लेखापरीक्षणाचे जुने ठोकताळे आहेत. जस्ताची राख साध्या काजळीपेक्षा चिवट असते. ब्रशने निघत नाही, खरवडावी लागते, आणि खरवडताना मास्क नसलेला माणूस तीच धूळ ओढतो.

मालकांना हे ऑइल स्वस्त का वाटते, तेही मांडले पाहिजे, नाहीतर कितीही परिपत्रके काढली तरी व्यवहार बदलणार नाही. फर्नेस ऑइलचे उष्मांक मूल्य किलोला साधारण १०,५०० किलोकॅलरी. कोरडे, स्वच्छ वापरलेले ऑइल १०,३००च्या आसपास. प्रत्यक्षात बॅरलमध्ये ५ टक्के पाणी आणि १ टक्का राख असेल, तर १,००० किलोत जळणारे फक्त ९४० किलो. त्यातून ९६ लाख ८२ हजार किलोकॅलरी मिळतात. त्यातल्या सुमारे ३० हजार किलोकॅलरी त्या ५० किलो पाण्याची वाफ करण्यात जातात. हाती उरते किलोमागे ९,६५० किलोकॅलरी, म्हणजे फर्नेस ऑइलपेक्षा आठ टक्के कमी. शिवाय ते पाणी मालकाने तेलाच्या भावाने विकत घेतलेले असते. नोझल, पंपाचे सील, ट्यूब सफाई आणि बंद पडलेल्या शिफ्ट यांची बेरीज याच्यावर. म्हणून भाव लिटरवर ठरवू नये. चाचणीच्या कागदावरच्या पाणी-राखेनुसार, उपयोगी किलोकॅलरीवर ठरवावा.

पाण्याचा प्रश्न पैशांपुरता राहिला असता तर हे पत्र लिहिण्याची गरज पडली नसती. १५डब्ल्यू-४० जातीच्या ऑइलची स्निग्धता (दाटपणा) ४० अंशांना शंभर सेंटिस्टोकच्या वर असते. एअर ॲटमायझिंग किंवा प्रेशर जेट बर्नरला ती नोझलपाशी २०च्या आत लागते, तेव्हाच तुषार बारीक पडतो. त्यासाठी ऑइल ८५–९० अंशांपर्यंत तापवावे लागते. आता त्यात पाणी राहिलेले असेल, तर लाइन हीटरमध्ये त्याची वाफ होते, तुषार तुटतो, ज्योत फडफडते आणि विझते. फोटोसेलला (ज्योतीवर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरला) ज्योत दिसत नाही, बर्नर लॉकआउट होतो, म्हणजे इंधन तोडून बंद पडतो. काम खोळंबते म्हणून कोणीतरी फोटोसेलला वायर मारून बायपास करतो. पुढच्या वेळी ज्योत विझली की सोलेनॉइड (इंधनाची विजेवरची झडप) उघडाच राहतो, तापलेल्या भट्टीत ऑइल साचते, त्याची वाफ होते आणि पुन्हा पेटवताना स्फोट होतो. मूळ कारण बॅरलमधले पाणी. फोटोसेलवर काजळी बसूनही लॉकआउट होतो. त्यावर उपाय काच पुसण्याचा आहे, वायर मारण्याचा कधीच नाही. प्रत्येक लॉकआउटनंतर पेटवण्याआधी फक्त ब्लोअर चालवून भट्टीतली हवा किमान चार वेळा बदलली पाहिजे.

फ्लॅश पॉइंटचेही असेच. निव्वळ इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट १५० अंशांच्या पुढे असतो. गॅरेजवाला पार्ट धुतलेले पेट्रोल किंवा थिनर त्याच बॅरलमध्ये ओततो आणि तो घसरत घसरत खोलीच्या तापमानापर्यंत येऊ शकतो. पेट्रोलियम नियमांप्रमाणे २३ अंशांखालचे ते ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ ‘ब’ वर्ग, ६५ ते ९३ ‘क’ वर्ग. ‘क’ वर्ग समजून बांधलेल्या शेडमध्ये, साध्या स्विच-मोटारींच्या शेजारी, ‘अ’ वर्गाचा माल तापवला जातो आणि कोणालाच ते माहीत नसते. थर्मिक फ्लुइड हीटरमधून काढलेले जुने तेल इथे विशेष धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे तापून त्याचे रेणू तुटतात, हलके अंश तयार होतात; दिसायला घट्ट, पण फ्लॅश पॉइंट खाली. टाकीतले तापमान तपासलेल्या फ्लॅश पॉइंटपेक्षा किमान १० अंश खाली ठेवायचे, हा नियम पाळायचा असेल तर आधी तो आकडा हातात हवा.

तिसरी गोष्ट क्लोरीन. ‘ब’ भागातली मर्यादा ४,००० पीपीएम आहे. म्हणजे १,००० किलोत ४ किलो क्लोरीन, आणि जळल्यावर चार किलोहून थोडे जास्त हायड्रोजन क्लोराइड. भट्टी थंड होताना ओलावा धरला की तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड होऊन धुराड्याचा पत्रा आणि इकॉनॉमायझर खाते. ऑइलमधले तांबे आणि २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यातून रेंगाळत जाणारा धूर एकत्र आले की डायॉक्सिन हे अतिशय विषारी द्रव्य तयार होण्याला अनुकूल परिस्थिती मिळते. हे क्लोरीन इंजिन ऑइलमधून फारसे येत नाही. ते येते क्लोरिनेटेड पॅराफिन असलेल्या कटिंग ऑइलमधून आणि डिग्रीझिंगच्या ट्रायक्लोरोइथिलीन-परक्लोरोइथिलीनमधून. शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी, सातपूर, वाळूज अशा मशीनशॉपच्या वसाहतींत इंजिन ऑइल आणि कटिंग ऑइल शेजारी शेजारीच निघते. मिसळण्याचा मोह तिथेच होतो, म्हणून लक्षही तिथेच हवे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला तर पीसीबीचा अहवाल असल्याशिवाय बॅरलजवळही आणू नये. ते विरळ करून मर्यादेत बसवणे हा उपाय नव्हे. त्याने विष कमी होत नाही, फक्त पसरते.

आता पाच चाचण्या. पाणी डीन-स्टार्क पद्धतीने, गाळ, राख ७७५ अंशांच्या मफल भट्टीत, फ्लॅश पॉइंट पेन्स्की-मार्टेन्स बंद कपात, आणि एकूण हॅलोजन. पहिल्या चार चाचण्या कोणत्याही बऱ्या तेल-प्रयोगशाळेत होतात. हॅलोजनसाठी उपकरण लागते, पण चाळणी म्हणून गेटवरच दोन गोष्टी करता येतात. तांब्याची तार ज्योतीत लाल करून स्वच्छ करायची, थंड झाल्यावर ऑइलमध्ये बुडवायची आणि निळ्या ज्योतीत धरायची. ऑइल जळून गेल्यावर ज्योत हिरवी झाली तर क्लोरीनचा संशय घ्यायचा. ही चाचणी फार थोडे क्लोरीनही दाखवते आणि मात्रा सांगत नाही, म्हणून हिरवे दिसले की लॉट बाजूला ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढाच तिचा अर्थ. दुसरी, सुमारे १३० अंशांच्या तव्यावर ऑइलचा एक थेंब. तडतडला तर पाणी आहे. दोन्ही चाचण्या मोकळ्या जागेत, बॅरलपासून दूर आणि फक्त काही थेंबांवर करायच्या. पेट्रोलचा वास येणाऱ्या नमुन्यावर करायच्याच नाहीत. नमुना बॅरलच्या वरून न घेता नळी बुडवून वर, मध्ये, तळाशी अशा तिन्ही थरांतून घ्यावा, कारण पाणी तळाशी आणि पेट्रोलची वाफ वर असते.

परवानगीने असे इंधन वापरणाऱ्या कारखान्याच्या संमतीपत्रात आज ‘इंधन : एफओ/एलडीओ’ अशी एक ओळ असली की भागते. त्याऐवजी मांडणी काय असावी हे लिहून द्यावे. स्थिरावण्याची टाकी वेगळी आणि रोजची डे टँक वेगळी. स्थिरावण्याच्या टाकीत ऑइल ६० ते ७० अंशांना (फ्लॅश पॉइंटपेक्षा १० अंश खालची मर्यादा त्याहून कमी येत असेल, तर तेवढ्यावरच) २४ ते ४८ तास न ढवळता ठेवायचे. तळ उतरता, सगळ्यात खाली ड्रेन कॉक, आणि बर्नरकडे जाणारा पाइप तळापासून किमान १५ सेंटिमीटर वर. पाण्याची आणि ऑइलची घनता जवळजवळची असल्याने घाई केली तर पाणी वेगळे होत नाही. सीएनसीच्या कूलंटचे पांढरट पाणी किंवा रेडिएटरचे ग्लायकॉल मिसळले असेल, तर कितीही दिवस ठेवले तरी ते फुटत नाही. असा लॉट परत पाठवायचा. पाणी असलेले ऑइल १०० अंशांवर नेले की ते फेसाळून टाकीबाहेर येते, म्हणून थर्मोस्टॅट दोन हवेत, दुसरा हाताने रीसेट होणारा. हीटरचा भार चौरस सेंटिमीटरला १ ते १.५ वॅटच्या आत. जास्त भाराचा पाण्याचा गिझर-हीटर बसवला की त्यावर कोळशाचे कवच चढते आणि आतली कॉइल जळते. पंपाआधी ४० मेशची जाळी, हीटरनंतर १०० मेशची, दोन्ही दुहेरी, म्हणजे एक साफ करताना दुसरी चालू. टाक्यांभोवती सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के ऑइल मावेल एवढा कठडा. विझवायला फोम आणि ड्राय केमिकल पावडर. पेटलेल्या ऑइलवर पाणी मारायचे नाही, हे पाटीवर मराठीत आणि हिंदीत, कारण भट्टीवरचे बरेच कामगार उत्तरेकडचे आहेत.

हवा मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. एक किलो इंधनाला सुमारे १४ किलो हवा लागते, आणि १५–२० टक्के जादा दिली तर धुरात ३ ते ४ टक्के ऑक्सिजन दिसायला हवा. काळा धूर दिसला की ब्लोअरचा डँपर उघडायचा, ही सवय आहे. पण थंड ऑइल आणि झिजलेले नोझल यांनीही काळा धूरच होतो, आणि अशा वेळी जादा हवा फक्त भट्टी थंड करते. आधी ऑइलचे तापमान, मग नोझल, मग हवा, हा क्रम हवा.

काही ठिकाणी मात्र कोणतीही तपासणी पुरेशी नाही, तिथे सरळ बंदी हवी. बेकरी, फरसाणाची भट्टी, गुऱ्हाळ, धान्य वाळवणारे ड्रायर, जिथे धूर आणि अन्न एकाच जागेत असतात, तिथे वापरलेले ऑइल तपासलेले असले तरी नको. ताटलीत थेंब थेंब ऑइल टाकून वर पंखा सोडलेल्या उघड्या भट्ट्याही नकोत. त्यांना ना प्रीहीट, ना ज्योतीवर लक्ष ठेवणारे उपकरण, ना पुरेसे उंच धुराडे. उलट, प्रीहीटर, बॅग फिल्टर आणि मोठा बर्नर असलेला हॉट मिक्स प्लँट ‘ब’ भागात बसणारे, राख तपासलेले इंधन नीट जाळू शकतो. सगळ्यांना एकाच मापाने तोलू नका. ज्याच्याकडे साधने आहेत त्याला रीतसर मार्ग द्या.

डिझेलमध्ये काळे ऑइल गाळून मिसळण्याबद्दल फार लिहीत नाही. इंजेक्टरच्या सुईभोवतीची फट काही मायक्रॉनची असते, त्यात राख बसली की इंजेक्टर गेला. बीएस-६ वाहनात हीच राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरमध्ये) अडकते आणि काजळीसारखी जाळून निघत नाही. वापरलेले खाद्यतेलही या बॅरलमध्ये येऊ नये. त्याचा रस्ता वेगळा आहे. टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल पुन्हा तळण्यात वापरायचे नाही, ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे, आणि ते बायोडिझेलसाठी गोळा करण्याची व्यवस्था अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उभी केली आहे. भट्टीत ते टाकीत चिकट थर धरते आणि नीट न जळाल्यास डोळे झोंबवणारे ॲक्रोलिन सोडते.

मूळ प्रश्न गॅरेजवर सुटतो. तिथे चार वेगळी, रंगीत झाकणांची भांडी पुरेशी आहेत : इंजिन-गिअर-हायड्रॉलिक ऑइल, कटिंग ऑइल आणि कूलंट, ब्रेक ऑइल आणि रेडिएटरचे पाणी, पेट्रोल-थिनर. पहिले भांडे स्वच्छ राहिले, तर ते जाळण्याचे कारणच उरत नाही. व्हॅक्यूम डिस्टिलेशन किंवा थिन फिल्म पद्धतीने १०० लिटरमधून साधारण ६० ते ७० लिटर बेस ऑइल परत मिळते, आणि ते पुन्हा वंगण म्हणून चालते. जाळलेले ऑइल एकदाच कामी येते. सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने वापरलेल्या ऑइलसाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी (विकलेला माल वापरानंतर गोळा होऊन पुनर्वापराला जाईल हे पाहण्याची) टाकली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणजे गोळा करायला पैसे देणारा आता कायद्याने ठरलेला आहे. पण तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे महिन्याला एखादा बॅरल निघतो. त्याच्यासाठी कोणाची गाडी येत नाही. येतो तो रोख पैसे देणारा भंगारवाला, आणि तो चारही भांडी एकाच बॅरलमध्ये रिकामी करतो.

म्हणून मंडळाने जिल्हावार अधिकृत संकलकांची यादी, ठरलेला वार आणि तालुक्यातले ठिकाण यांसह मराठीत जाहीर करावी, आणि उत्पादकांच्या जबाबदारीच्या हिशेबात छोट्या गॅरेजमधून उचललेले ऑइल वेगळे दाखवायला लावावे. प्रत्येक लॉटचा पाच चाचण्यांचा कागद फॉर्म १० च्या मॅनिफेस्टला (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्राला) जोडणे सक्तीचे करावे. मॅनिफेस्टचा क्रमांक नसलेला बॅरल ज्याच्या शेडमध्ये सापडेल, त्याच्याइतकीच जबाबदारी तो विकणाऱ्यावरही यावी. नव्या आणि नूतनीकरणाच्या संमतीपत्रांत राखेची आणि फ्लॅश पॉइंटची मर्यादा घालावी. फ्लॅश पॉइंटसाठी फर्नेस ऑइलचे ६६ अंश ही किमान मर्यादा योग्य आहे. राखेची मर्यादा बर्नरमागे धूळ पकडणारी यंत्रणा आहे की नाही यावर ठरवावी. ती नसेल तर फर्नेस ऑइलचाच ०.१ टक्का.

आणि टाकीच्या तळाचा गाळ, जाळीतला चोथा, ट्यूबवरून खरवडलेली राख यांची नोंद फॉर्म ३ च्या रजिस्टरमध्ये तपासावी. हा घातक कचरा आहे. तो ९० दिवसांत तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या केंद्रात, किंवा सहप्रक्रियेची परवानगी असलेल्या सिमेंट भट्टीत गेला पाहिजे. महिन्याला हजारो किलो वापरलेले ऑइल जाळणाऱ्या कारखान्याच्या रजिस्टरमध्ये गाळ शून्य लिहिलेला असेल, तर तो कंपाउंडच्या मागच्या नाल्यात शोधावा लागेल, आणि ती पाहणी पावसाळ्याआधी व्हायला हवी.

आपले,
तेलाचे बर्नर, बॉयलर आणि भट्ट्या यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ